राखणीचा कोंबडा

"आक्का, आजपासून दिसाचीय फळी लावून ठेव गो," मी म्हणालो.

आक्का खुराड्यापुढे वाकली होती. माझ्याकडे न पाहता तिने फळी उचलली आणि भिंतीला टेकवून ठेवली. आतून प्रथम तांबडा कोंबडा बाहेर आला. त्याने मान उंचावून चारी दिशा न्याहाळल्या, पंख झाडले, आणि मगच त्याच्यामागून कोंबड्या एकेक करून अंगणात उतरल्या. पाहता पाहता ती सगळी मंडळी कुंपणाच्या भगदाडातून देवराईच्या कडेला पांगलीसुद्धा.

"फळी रात्रीची लावतंय मां मी?" ती म्हणाली. "दिसाचा तेंका मोकळाच सोडूक होया."

"व्हाळापलीकडे कोल्हीण व्याली आसा. काल परबांच्या माळार भर उजेडात फिरत होती."

"फिरतलीच. तिकाय पोरां आसत."

"आणि राखण आठवड्यार इली!"

"ता माका ठावक आसा. तू जा, तुझी घंटा वाजव. देव वाट बघता."

मी त्या गावच्या देवळाचा गुरव. वडिलांनी मला बालपणीच संस्कृत पाठशाळेत ठेवले होते. तेथून परतलो तेव्हा शब्दरूपे आणि सूत्रे जिभेवर होती; परंतु आमच्या मालवणी बोलीतले गाऱ्हाणे देवापुढे कसे घालावे, हे मात्र वडिलांच्या शेजारी उभे राहूनच शिकावे लागले. आज ऐंशी ओलांडल्यावर पुष्कळसे विस्मरणात गेले आहे. त्या माघातले ते चार दिवस तेवढे अद्याप जसेच्या तसे डोळ्यांपुढे उभे राहतात.

आमच्याकडे गावाच्या सीमेला राखणदार असतो. त्याला मूर्ती नाही, देऊळ नाही. व्हाळ, म्हणजे आमचा ओढा, ओलांडून देवराईत गेले की एका जुन्या किंजळाच्या बुंध्याशी एक अनघड पाषाण आहे, तोच राखणदार. पीक घरात आले की गाव त्याला वर्षाची राखण देतो : नारळ, विडा आणि एक कोंबडा. कोंबड्याविषयी एक नियम वाडवडिलांपासून चालत आलेला. पाषाणापुढे तांदूळ विखुरायचे आणि कोंबड्याला मोकळे सोडायचे. त्याने आपण होऊन दाणा टिपला, तरच राखण पोचली. न टिपला, तर तो परत न्यायचा आणि दुसरा आणायचा. भ्यालेल्या जिवाचे दान राखणदार स्वीकारीत नाही, असे वडील सांगत.

हा कोंबडा आक्काच्या अंगणातून जात असे. तिचे नाव सत्यभामा. सारा गाव तिला भामाक्का म्हणे. ती माझी थोरली बहीण. ऐन तारुण्यात वैधव्य आले, तेव्हा सासरच्यांनी तिचे पुढच्या दाराने येणे-जाणे बंद केले. ती मागच्या दाराने निघाली, ती थेट माहेरी येऊन पोचली. येताना काखेत एक खुडूक कोंबडी होती. पुढे एका उन्हाळ्यात गावात कोंबड्यांची मर आली. खुराडीच्या खुराडी रिकामी झाली, आणि देवराईत पांगलेल्या आक्काच्या कोंबड्या तेवढ्या तगल्या. त्या वर्षी गावाने राखणीचा कोंबडा तिच्याकडे मागितला, आणि तेव्हापासून तो मान तिचा झाला. विधवेला आमच्या गावात कोणत्याही मंगल कार्यात पुढे स्थान नव्हते. लग्नात नाही, बारशात नाही. हा एकच मान तिच्या नावाचा होता. तोही ज्या वर्षी चुकेल, त्या वर्षी दुसऱ्या घरी जायचा होता. शिवाय व्हाळापलीकडे बायकांनी जाऊ नये असा रिवाज असल्यामुळे, ज्या पाषाणापुढे आपला कोंबडा उभा राहतो तो पाषाण तिने कधी डोळ्यांनी पाहिला नव्हता.

त्याच सकाळी पूजा आटोपून मी परतलो, तो जिवबा परब पायरीवर बसलेले. ते गावचे मुख्य मानकरी. आक्काचे लहानपणचे सवंगडी.

"भामाक्का, तुझ्या बऱ्यासाठी सांगतंय," ते म्हणत होते. "कोंबो राखणीपर्यंत हाऱ्याखाली झाकून ठेव. कोल्यान न्हेलो म्हणजे मान जातलो, मगे माका बोल लावू नको."

"मान गेलो तर खंय जातलो?"

"खंय म्हणजे? माझ्याच घराकडे. माझ्या पोरान जाळीचो पिंजरो बांधल्यान मां. आत कोंबे कसे पैलवानासारखे झाले आसत, येऊन बघ."

"मगे माका सावध कित्याक करतंस? गप रव. मान आपसूक चालत येतलो."

जिवबा मोठ्याने हसले. "रडीचो डाव माका नको गो. जिंकलंय तर सरळ जिंकान."

त्या दिवशी मी बुरुडाकडून नवा हारा आणला. चांगला मोठा, घट्ट विणीचा. एक कोंबडा त्याखाली सुखाने राहिला असता. दुसऱ्या दिवशी पाहतो, तर आक्का तोच हारा डोक्यावर घेऊन देवराईतून येत होती, आणि त्यात शिगोशीग पातेरा, म्हणजे झडलेला वाळका पाला, भरलेला.

"बरो आसा हारो," ती म्हणाली. "पातेरो मस्त रवता."

"आक्का, एक आठवडो. फक्त एक आठवडो कोंडूक सांगतंय मी. शास्त्रात आपद्धर्म म्हणून सांगितलेलो आसा."

"तुझ्या शास्त्राक कोंबडी माहीत आसत?"

"सगळ्या जिवांचा तेतू येता."

"मगे कोल्याचाय येत असतला," ती म्हणाली आणि पातेरा गोठ्यात ओतायला निघून गेली.

तांबडा रोज संध्याकाळी माझ्या तळहातावरचे तांदूळ खाई. राखणीचा म्हणून निवडलेल्या कोंबड्याला महिनाभर आधी माझ्या हाताची सवय करावी लागे. म्हणजे तो विनासायास माझ्या हातावर बसून व्हाळ ओलांडी आणि पाषाणापुढेही न घाबरता दाणा टिपी. त्या संध्याकाळी त्याच्या चोचीचे टोचणे तळहाताला जाणवत असताना माझे लक्ष मात्र पलीकडच्या झाडीकडे होते.

राखणीच्या आदल्या सकाळी धुके दाट होते. मी देवळात अभिषेकाची तयारी करीत होतो. एकाएकी आमच्या अंगणाच्या बाजूने कोंबड्यांचा कलकलाट उठला, आणि पाठोपाठ आक्काचा आवाज : "हाऽऽड! हाऽऽड!" हातातला तांब्या तसाच ठेवून मी धावलो.

अंगणात कोणी नव्हते. कोंबड्या फणसाच्या फांद्यांवर, गोठ्याच्या वाश्यांवर, करवंदीच्या जाळ्यांत, जिला जेथे सुचले तेथे जीव धरून बसल्या होत्या. कुंपणापाशी तांबडी पिसे पडलेली. थोड्या वेळाने धुक्यातून आक्का आली. हातात कोयता, नऊवारीचा काष्टा गुडघ्यापर्यंत भिजलेला.

"व्हाळापर्यंत गेलंय," ती धापा टाकीत म्हणाली. "कोंबड्यांका झाडार चढवल्यान तेणां आणि आपण मागे रवलो. तेका उडूक वेळ मेळाक नाय."

ती पायरीवर बसली. मी कळशीतले पाणी दिले. तिने ते घेतले नाही. ती त्या पिसांकडे पाहत होती. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हते, पण कोयत्याची मूठ तिने सोडली नव्हती.

माझ्या मनात तोवर एक विचार आकारास आला होता. मी तिच्याजवळ बसलो.

"आक्का, ह्या असा बघ. राखण कोणाची? राखणदाराची. तेचोच कोंबो तेच्याच हद्दीत गेलो. तेणां एक दिस आधी मागून घेतल्यान, असा आपण गावाक सांगूया. कोणय नाय म्हणूचो नाय. मान तुझोच रवतलो."

"राखणदाराक चार पाय आणि शेपूट आसा?"

"आक्का, मी काय सांगतंय..."

"कोल्यान न्हेल्यान, त्रिंबा." तिने प्रथमच माझ्याकडे वळून पाहिले. "मी सोडलंय म्हणून न्हेल्यान. कोलो आसा ता माका ठावक होता, तरी मी सोडलंय. आता ता देवाच्या अंगार कित्याक घालतंस? ऊठ. जिवबाकडे जा आणि जसा झाला तसा सांग."

"मान जातलो."

"जाऊंदे."

"आणि उद्या सकाळी?"

"उद्या सकाळी काय? फळी उघडतलंय."

मी गेलो आणि जसे घडले तसे सांगितले. जिवबांनी ऐकून घेतले. आनंद झाला नसेल असे नाही; पण तो त्यांनी चेहऱ्यावर येऊ दिला नाही.

"तिणा दुसरा कायच सांगूक नाय?" त्यांनी विचारले.

"नाय."

"हुं," ते म्हणाले. "दुसरी असती तर देवाचा नाव पुढे केल्यान असता." मग आपला कोंबडा आणायचे ठरवून, "बरां, उद्या माझो कोंबो हाडतंय."

राखणीच्या दिवशी माध्यान्हीला गावचे पुरुष व्हाळ ओलांडून देवराईत गेले. जिवबांचा कोंबडा खरोखरच देखणा होता. पांढराशुभ्र, भरल्या छातीचा. जिवबांनी त्याला काखेत घेतले होते आणि तोही एखाद्या लाडावलेल्या नातवासारखा स्वस्थ बसला होता. मी पाषाणाला स्नान घातले, शेंदूर लावला, नारळ-विडा ठेवला आणि हात जोडून गाऱ्हाण्याला आरंभ केला.

"बा राखणदारा, सीमेच्या धन्या!"

"व्हय म्हाराजा!" मंडळींनी साथ दिली.

"ह्या गावच्या लेकराबाळांनी, गुराढोरांनी तुझी सालाबादची राखण तुझ्या पायाकडे हाडली आसा..."

"व्हय म्हाराजा!"

"ती गोड मानून घे, आणि तुझ्या हद्दीत पाय टाकणाऱ्याक सांभाळ!"

"व्हय म्हाराजा!"

मी तांदूळ विखुरले. जिवबांनी कोंबडा खाली ठेवला.

तो बसला. पायाखाली पाने करकरली, तसा दचकला, आणि सरपटत जिवबांच्या दोन पायांमध्ये जाऊन लपला. जिवबांनी त्याला पुन्हा पुढे ठेवले. तो पुन्हा मागे आला. त्याने आयुष्यात माती पाहिली नव्हती. वर पाने हलली की तो मान आत घेई. खाली सावली हलली की डोळे मिटी. तांदूळ त्याच्या चोचीपासून वीतभर अंतरावर पडले होते आणि ते खाण्याचे पदार्थ आहेत, हेच त्याला उमगत नव्हते.

जिवबा उकिडवे बसले आणि बोटाने तांदूळ टोचून त्याला दाखवू लागले. "अरे खा रे. असा. असा टिप."

"जिवबादादा," मागून कोणी तरी म्हणाले, "घराकडचो तेचो डबो हाडा. जमिनीवरचा खावची सवय नाय तेका!"

हशा पिकला. जिवबाही हसले, पण त्यांच्या कपाळावर घाम आला होता. उन्हे कलायला लागली. उन्हे उतरल्यावर राखण देता येत नाही, आणि राखण न देता गाव परतला तर त्या वर्षी सीमेचे रक्षण कोणाच्या भरवशावर सोडायचे? हसणे हळूहळू थांबले. शेवटी जिवबा गुडघ्यांवर हात देऊन उठले.

"गुरवांनू," ते मला म्हणाले, "भामाक्काकडे दुसरो कोंबो आसा?"

"एक तरणो आसा. काळोपिवळो. पण तो माझ्या हाताक लागललो नाय."

"तो हाडूया. चला."

आम्ही आठ-दहा जण आक्काच्या अंगणात शिरलो. ती पडवीत सुपात कुळीथ पाखडीत बसली होती. जिवबांनी हकीगत सांगितली. तिने बोटाने कोंबडा दाखवला. तो शेणकीवर, म्हणजे शेणखताच्या ढिगावर, उभा राहून पायांनी उकरीत होता.

"थयसर आसा. धरा."

पुढे जे झाले ते गावाने पुढची कित्येक वर्षे सांगून सांगून चघळले. मानकरी धोतरे खोचून त्याच्यामागे धावले. तो शेणकीवरून गोठ्यात, गोठ्यातून करवंदीच्या जाळीत, जाळीतून कुंपणावर. एक जण करवंदीत अडकला, त्याचे धोतर फाटले. दुसरा शेणात बसला. जिवबांनी उपरणे जाळ्यासारखे फेकले, ते फणसाच्या फांदीला लटकले, आणि कोंबडा त्याच फांदीवर बसून खाली पाहत आरवला.

आक्का सूप बाजूला ठेवून इतकी हसली की तिला ठसका लागला. आदल्या सकाळनंतर ती प्रथमच हसत होती.

"जो कोल्याक गावाक नाय तो तुमका गावतलो?" ती म्हणाली. "बसा सगळे खाली. गप बसा."

मंडळी बसली. आक्काने ओंजळभर तांदूळ घेतले आणि अंगणाच्या मध्याशी उभी राहून घशातल्या घशात हाक घातली : "बो, बो, बो..." फांदी हलली. कोंबडा खाली उतरला आणि तिच्या पावलांपाशी येऊन दाणे टिपू लागला.

"धर, आक्का!" मी हळूच म्हणालो.

"मी धरीन. पण धरून न्हेलास तर थय जाऊन काय करतलो? ह्यो कोणाच्या हातार बसललो नाय. भियालेलो जीव चोच उघडता ती ओरडूक, खावक नाय. पांढऱ्यासारखोच ह्योय बसून रवतलो."

"मगे?"

"ह्यो चलत जाऊक होयो. आपल्या पायांनी."

"तुझ्या मागसून?" जिवबांनी विचारले.

"दुसऱ्या कोणाच्या मागसून जातलो?"

तिच्या मागून कोंबडा जायचा, म्हणजे तिने व्हाळ ओलांडायचा. मंडळी एकमेकांकडे पाहू लागली. आक्का कोणाकडेच पाहत नव्हती. ती एकेक दाणा खाली सोडीत होती. तिने मागितले नाही. आग्रह धरला नाही. नुसती उभी राहिली.

जिवबा माझ्याकडे वळले. "गुरवांनू, तुमी शिकललेले. रीत काय सांगता ता तुमीच सांगा."

मी डोळे मिटले. वडिलांच्या शेजारी उभा राहून जे ऐकले होते ते अक्षर अक्षर आठवून पाहिले. मग म्हणालो, "राखण जो हाडता तेणां पाषाणापुढे उभा रवाचा, ही रीत. आजपर्यंत हाडणारो मी होतंय, म्हणून मी उभो रवलंय. आज हाडणारी ती आसा. ती नाय इली तर रीत मोडतली."

"असा?" जिवबांनी मंडळींकडे पाहिले. "गुरवांनी सांगल्यानी. आयकलास मां सगळ्यांनी? मगे उठा. आणि अंतर ठेवून चला, कोंबो बुजात."

आक्का पुढे, तिच्या मागे कोंबडा, आणि बरेच मागे आम्ही सगळे पुरुष, असे आम्ही निघालो. ती चालत होती सावकाश. बोटांतून दाणा सुटत होता, आणि कोंबडा तो टिपीत, मध्येच एखादा किडा उकरीत, मध्येच मान वर करून रान न्याहाळीत तिच्या मागून येत होता. कोणाला घाई करता येत नव्हती. व्हाळाच्या काठाशी ती क्षणभर थांबली. मग लुगडे सावरून पाण्यात उतरली. कोंबड्याने पाण्याकडे पाहिले, पलीकडे गेलेल्या तिच्याकडे पाहिले, आणि एका दगडावरून दुसऱ्या दगडावर उड्या मारीत तोही पार झाला. मागून कोणी तरी "शाब्बास" म्हणाले आणि आपणच जीभ चावली.

किंजळाखाली ती उभी राहिली. तिने पाषाण पाहिला. हात जोडले नाहीत, कारण ओंजळीत तांदूळ होते. मस्तक मात्र खाली लववले. मग उरलेले तांदूळ तिने पाषाणापुढे सोडले. कोंबडा पुढे झाला, आणि टिपू लागला. एक, दोन, मग सलग.

मी हात जोडून पुन्हा गाऱ्हाणे घातले.

"बा राखणदारा, सीमेच्या धन्या!"

"व्हय म्हाराजा!"

"गुरवाच्या घरच्या लेकीन, भामान, तुझी राखण आपल्या पायांनी चलत हाडल्यान आसा..."

"व्हय म्हाराजा!" जिवबांचा आवाज सगळ्यांच्या वर होता.

पुढचा विधी सुरीचा. आक्का वळली. तिने वाकून कोंबड्याच्या पाठीवरून एकदा हात फिरवला. जिवबा तिच्या शेजारी उभे होते, ते हलक्या आवाजात म्हणाले, "इतक्या मायेन वाढवतंस, भामा, आणि उघड्यावर सोडतंस. जीव कसो होता गो तुझो?"

"कोल्याच्या तावडीतसून सुटललो हयसर येवचोच," ती म्हणाली. "मरण दोनय वाटांनी ठरलेला, जिवबा. मधला जगणा तेवढा माझ्या हातात. ता मी तेंका आखडता दिवक नाय."

आणि ती एकटीच व्हाळाकडे चालू लागली. मंडळींनी बाजूला होऊन तिला वाट दिली.

मी घरी पोचलो तेव्हा सूर्य देवराईच्या मागे गेला होता. अंगणात आक्का पायरीवर बसली होती, आणि पायरीखाली, अंग चोरून, जिवबांचा पांढरा कोंबडा. जिवबा स्वतः त्याला आणून सोडून गेले होते. "शिकव तेका काय तरी," एवढेच म्हणाले म्हणे.

कोंबड्या अजून कुंपणाशी चरत होत्या. तेवढ्यात व्हाळापलीकडून कोल्हीण ओरडली. पाठोपाठ पिलांचे बारीक चिरके आवाज आले. कोंबड्यांनी माना वर केल्या. मी खुराड्याच्या फळीला हात घातला.

"आक्का, आज तरी बेगीन कोंडूया."

तिने माझा हात धरून मागे ओढला आणि पायरीखाली बोट दाखवले. पांढऱ्याने एक पाय पुढे केला होता. त्याने माती ओरबाडली, दचकला, थांबला, आणि पुन्हा ओरबाडली.

"थांब रे," आक्का कुजबुजली. "आत्ता खंय तेणां सुरुवात केल्यान. अजून उजेड आसा."